हळू धावलो, म्हणून लवकर पोहोचलो

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. थोरली नांदेडला नांदते, धाकटी लातूरला. हा लेख आम्ही रात्री फोनवर बोलत बोलत मिळून लिहिला, म्हणून यात सगळीकडे 'आम्ही' आहे. कोण कुठे होते हे सांगायची वेळ आली की 'नांदेडची' आणि 'लातूरची' असे म्हणू. नांदेडची ४३ वर्षांची, लातूरची ३८ची. दोघींनी शाळा सुटल्यापासून धावणे म्हणजे बस पकडण्यापुरतेच केले होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये अम्मीच्या उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. अठरा वर्षांपासूनची शुगर. चप्पल लागून साधी जखम झाली होती, ती भरलीच नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हा दोघींकडे बघून विचारले, "तुमची तपासणी कधी केली?" आम्ही गप्प. दुसऱ्या दिवशी रक्त दिले. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी जी एचबीएवनसी चाचणी असते, तिचा आकडा ५.७च्या आत हवा, ६.५ किंवा वर गेला की मधुमेह. लातूरचीचा ५.६ आला. नांदेडचीचा ६.३. म्हणजे उंबरठ्यावर एक पाय आत.

डॉक्टरांनी गोळी दिली नाही. म्हणाले, "सहा महिने देतो. जेवण आवरा आणि रोज अर्धा तास घाम येईल असे चाला." त्या रात्री अम्मीच्या पलंगाशी बसून आम्ही ठरवले की चालायचे, आणि जमले तर धावायचे. दोन शहरांत राहून सोबत कशी करायची? तर रोज फजरच्या नमाजनंतर एकमेकींना एक मिस्ड कॉल द्यायचा. निघाले, एवढाच त्याचा अर्थ.

पहिली अडचण पायांची नव्हती. "लोकां क्या बोलेंगे?" हा प्रश्न आमच्या घरांत कुणी मोठ्याने विचारला नाही, पण चहाच्या कपाबरोबर रोज समोर यायचा. नांदेडचीच्या सासूबाई एवढेच म्हणाल्या, "चालणं ठीक आहे, धावायचं कशाला? बाईमाणसाला शोभतं का?" उलट उत्तर द्यायचे नव्हते. थोरलीने हळूच विचारले, "अम्मीजान, सफा-मरवाच्या मधे हजरत हाजरा धावल्या, ते कशासाठी?" तान्ह्या लेकरासाठी पाणी शोधत एक आई सात वेळा धावली, आणि तिची आठवण म्हणून आजही लाखो हाजी, बाया आणि पुरुष, त्या वाटेवर फेऱ्या घालतात. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अंधारात एकटी जाऊ नकोस." तीच परवानगी. पहिला महिनाभर दुल्हाभाई मशिदीतून परस्पर स्कूटरवर स्टेडियमला यायचे आणि पायरीवर बसायचे. थंडी वाढली तसे बसून कुडकुडण्यापेक्षा तेही चालू लागले. लातूरला क्रीडा संकुलापर्यंत धाकटीचा चौदा वर्षांचा मुलगा सायकलवर सोबत असे.

कपड्यांचा प्रश्नही वाटला तेवढा मोठा निघाला नाही. सैल, गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, ट्रॅक पँट आणि डोक्याला पातळ, पटकन वाळणारा स्कार्फ. सुती ओढणी घामाने जड होते आणि मानेला घासते, हे पहिल्याच आठवड्यात कळले. खर्च एकाच गोष्टीवर केला, बुटांवर.

सुरुवात एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे अशी होती. तेवढ्यानेही छाती भात्यासारखी व्हायची. डिसेंबरमध्ये आम्ही पहिल्यांदा पाच किलोमीटरची वेळ लावली. नांदेडची ४९ मिनिटे, लातूरची ४४. त्या दिवसापासून घड्याळ आमच्या घरात शिरले. दोघींनी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला आणि त्यावर वेळा लिहायला लागलो. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा किलोमीटर मोजून पाहिले. नांदेडची एक तास ३४ मिनिटे, लातूरची एक तास २६.

इथेच आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. लातूरचीला रोज कालच्यापेक्षा वेगात धावायचे होते. नांदेडचीला तसे धावताच येत नव्हते. तिच्या डॉक्टरांनी सांगितले होते की धावताना बोलता आले पाहिजे. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग कमी करा. म्हणून ती धावता धावता दुल्हाभाईंशी घरच्या गोष्टी बोलायची, आणि ते नसले की हळू आवाजात दुरूद पढायची. श्वास अडला की पाय आवरायची. तिचा एक किलोमीटर नऊ-साडेनऊ मिनिटांत व्हायचा. धाकटी फोनवर हसायची, "आपा, एवढ्या वेळात माझ्या भाकऱ्या होतात."

मार्चमध्ये रमजान आला. त्या महिन्यात वेळ सुधारायच्या फंदात पडायचे नाही, आहे तेवढे टिकवायचे, असे नांदेडचीने ठरवले. आठवड्यातून तीन दिवस, इफ्तारच्या आधी अर्धा तास हलके चालणे-धावणे. संपता संपता अजान व्हायची आणि खजूर, पाणी पोटात जायचे. लातूरचीने मात्र महिनाभर सगळे बंद ठेवले आणि ईदनंतर हिशेब भरून काढायला निघाली. आठवड्याला पंधरा किलोमीटर धावणारी बाई एकदम तीस धावू लागली, आणि तेही सगळे जोरात.

मे महिन्यात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो, आणि आठ वाजता ऊन अंगावर येते. त्या दिवशी घरात पाहुणे होते, नाश्ता उरकेपर्यंत साडेसात झाले. शहाण्या माणसाने त्या दिवशी सुट्टी घेतली असती. लातूरची औसा रोडला निघाली. पाचव्या किलोमीटरला डोके भणभणले, अंगावर काटा आला, आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन ती रस्त्याच्या कडेला बसली. एका फळवाल्या चाचांनी तिला हातगाडीच्या सावलीत घेतले, डोक्यावर, मानेवर पाणी ओतले, घोट घोट पाणी पाजले आणि मुलाला फोन लावला. घाम वाळताना शरीर थंड होते. ऊन आणि जोर दोन्ही एकदम वाढले की ही व्यवस्था अपुरी पडते आणि आतला ताप चढत जातो. वेळेत थांबली म्हणून वाचली. चार दिवसांनी ती पुन्हा निघाली, तेव्हा नडगीच्या आतल्या कडेला कळ येऊ लागली. तिकडे दुर्लक्ष करून ती आणखी महिनाभर धावली. शेवटी हाडाच्या डॉक्टरांनी सहा आठवडे धावणे बंद केले. स्नायू आणि दम लवकर तयार होतात, हाडे आणि अस्थिबंध मागून येतात; त्यांना वेळ दिला नाही तर ते असा वसूल करतात.

चूक पूर्णपणे आमचीच होती. नांदेडचीचीही, कारण फोनवर ती वेळा ऐकून "माशाअल्लाह" म्हणायची, "थांब" म्हणाली नाही.

ते सहा आठवडे लातूरचीने खूप चिडचिड केली. पण त्या जुलै-ऑगस्टमध्येच तिला खरा धडा मिळाला, मोबाईलच्या पडद्यावर. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस धावणार होता. शेतकऱ्याचा पोरगा, बारावीनंतर फौजेत गेलेला, सियाचीनला राहून आलेला. आपल्या मराठवाड्याचा म्हणून तिने त्याची माहिती शोधून वाचली. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, तेव्हा त्याची वेळ होती ८ मिनिटे २९.८० सेकंद. त्यानंतर तो स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत गेला. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्याच डायमंड लीग स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंद वेळ दिली. मधे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक, आणि सोने हुकले ते सेकंदाच्या पाच शतांशांनी. ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत तो अकरावा आला.

धाकटीने रात्री फोन केला. "आपा, सहा वर्षांत वीस सेकंद! धावणं हेच ज्याचं काम, त्याला वीस सेकंदांसाठी सहा वर्षं लागली. आणि मी महिनाभरात दहा मिनिटं मागत होते."

त्याच ऑलिंपिकच्या शेवटच्या दिवशी, ११ ऑगस्टला, महिलांची मॅरेथॉन सिफान हसनने जिंकली. इथिओपियात जन्मलेली, पंधराव्या वर्षी निर्वासित म्हणून नेदरलँड्सला आलेली ही मुलगी हिजाब घालून पदक घ्यायला उभी राहिली. तिची पहिली मॅरेथॉन २०२३ची लंडनची. त्याआधीचा सराव रमजानमध्ये झाला होता. शर्यतीत कंबर धरली म्हणून ती मधेच थांबली, ताण दिला, मागे पडली, पुन्हा निघाली आणि जिंकली. थांबणे म्हणजे हरणे नव्हे, हे आम्हाला कुणी शब्दांत सांगितले असते तर पटले नसते. डोळ्यांनी पाहिले म्हणून पटले.

सप्टेंबरपासून आम्ही दोघींनी एकच आराखडा पाळला. आठवड्यातून चार दिवस धावायचे. त्यातले तीन दिवस गप्पा मारता येतील इतके हळू. त्यातही एक दिवस जरा लांब. फक्त एकदा जोरात: मैदानाची ४०० मीटरची एक फेरी वेगात, मग दोन-तीन मिनिटे चालणे, असे पाच-सहा वेळा. दोन दिवस घरीच जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणे, उठाबशा, भिंतीला टेकून बसणे. एक दिवस पूर्ण विश्रांती. आठवड्याचे अंतर मागच्यापेक्षा दहावा हिस्साच वाढवायचे, आणि दर चौथ्या आठवड्याला थोडे कमी करायचे.

हळू धावून वेग कसा वाढतो, हे आम्हालाही कोडेच होते. कारण साधे आहे. सावकाश, पण बराच वेळ धावले की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकते आणि स्नायूंमधले बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. मग तेवढ्याच दमात पाय जास्त पल्ला गाठतात. नांदेडचीची सकाळची नाडी सुरुवातीला ८४ होती, वर्षभरात ती ७० वर आली. स्नायू रक्तातली साखर जास्त वापरू लागतात, हा आमच्यासाठी सर्वांत मोठा फायदा. स्वयंपाकात फार उलथापालथ केली नाही. चहातली साखर गेली, बिर्याणी महिन्यातून एकदा, रात्री ज्वारीची भाकरी आणि डाळ. लांब धावून आले की अर्धापूरचे एक केळे. जे काम थोडे पण नित्य केले जाते ते अल्लाहला जास्त प्रिय असते, ही प्रेषितांची (स.) शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. ती पायांनाही लागू पडते, हे चाळिशीत समजले.

जानेवारी २०२५ मध्ये लातूरला दहा किलोमीटरची एक स्पर्धा होती. नांदेडची आदल्या दिवशी अम्मीला घेऊन बसने आली. दोघींचे लक्ष्य एकच, एक तास वीस मिनिटे. सकाळी फार गार होते. सुरुवातीची शिटी वाजली, ढोल वाजू लागले, आणि लातूरचीची जुनी खोड उसळली. पहिले तीन किलोमीटर ती गर्दीबरोबर वाहत गेली. नांदेडची मागे, आपल्या तालात. बाजूने पोरेसोरे निघून गेली, एक पांढऱ्या मिशीचे आजोबाही निघून गेले. तिने कुणाचाच पाठलाग केला नाही.

सातव्या किलोमीटरला तिला पुढे धाकटीचा हिरवा स्कार्फ दिसला. जवळ गेली तर श्वास फुललेला. थोरलीने वेग कमी केला, सोबत राहू म्हणाली. धाकटी म्हणाली, "आपा, तू जा. तुझा आकडा माझ्या आकड्यापेक्षा जास्त गरजेचा आहे. आणि मला बोलता येतंय, म्हणजे मी बरी आहे." थोरली गेली. एक तास १७ मिनिटे ४० सेकंद. धाकटी तिथून सावरली, वेग जमवून घेतला आणि एक तास १९ मिनिटे पाच सेकंदांत आली. दोघींच्या गळ्यात सारखेच पदक पडले, कारण ते पूर्ण करणाऱ्या प्रत्येकालाच होते.

प्रेषितांनी (स.) हजरत आयशांबरोबर (रजि.) धावण्याची शर्यत लावली होती. पहिल्यांदा त्या जिंकल्या, पुढे काही वर्षांनी ते जिंकले आणि हसून म्हणाले की ही त्या दिवसाची परतफेड. संध्याकाळी धाकटीने तेच सांगून थोरलीला बजावले, "पुढच्या वर्षी परतफेड!"

आठवड्याने नांदेडचीचा रक्ताचा अहवाल आला. ५.८. आम्हाला ५.६ हवे होते. क्षणभर वाईट वाटले. मग कपाटाच्या दारावरचा कागद पाहिला. ६.३ वरून ६.१, आणि आता ५.८. हा आकडाही तसाच उतरतो आहे, जशा वेळा उतरल्या. घाईने तो खाली येणार नाही, आणि आम्ही सोडून दिले तर वर जायला त्याला वेळ लागणार नाही.

स्पर्धेच्या दिवशी अम्मी शेवटच्या रेषेजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर शाल गुंडाळून बसली होती. तिने वेळ विचारली नाही, नंबर विचारला नाही. आमच्या बुटांकडे बघत म्हणाली, "हे असले, बोटं न दाबणारे, माझ्या मापाचे मिळतील का?" तिला उमराला जायचे आहे. सफा-मरवाच्या सात फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटरच्या वर अंतर, आणि ते तिला चाकाच्या खुर्चीवरून करायचे नाही. डॉक्टरांना विचारून, पायाला आधार देणारे खास बूट करून घेतले. सध्या ती नांदेडच्या अंगणात फेऱ्या घालते. मोजायला हातात तसबीह असते. सुरुवातीला पाच फेऱ्यांत थकायची, आता तीसपर्यंत जाते.

फजरनंतर आता तीन मिस्ड कॉल होतात. तिसरा अम्मीचा असतो, आणि बहुतेक दिवशी तोच सर्वांत आधी येतो.