जरीपटक्याचे दोन पाईप

नागपूरला समुद्र नाही, हे मला कुणी नव्याने सांगायला नको. मी मूळचा हर्णैचा. दापोली तालुक्यातले हे बंदर. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा, संध्याकाळ झाली की किनाऱ्यावर मासळीचा लिलाव आणि त्याचा गलका. नोकरीच्या निमित्ताने एस.टी.च्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत येऊन पडलो आणि बिऱ्हाड केले गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, जरीपटक्यात. रोज सायकलीवरून सारे नागपूर ओलांडायचे आणि संध्याकाळी पुन्हा ओलांडून परत यायचे. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षे झाली. सायकल गेली, गुडघे राहिले.

जरीपटका हे नाव मराठ्यांच्या सोनेरी निशाणाचे; वस्ती मात्र बरीचशी फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची. सकाळी दालपकवानाचा वास, दुपारी गच्च्यांवर पापड वाळताहेत आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचे ऊन. अशा ठिकाणी बसून मासेमारीच्या नौकेच्या इंजिनाची चिंता करणारा मनुष्य मीच एकटा असेन, असे मला वाटत होते. ते पुढे खोटे ठरले, पण ते ओघाने येईलच.

आमच्या थोरल्या बंधूंची नौका आता पुतण्या चालवतो. बंधू सात वर्षांपूर्वी गेले. नौकेत सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन आहे, जातीने ट्रकचेच. कोकणात अशी कित्येक इंजिने समुद्रावर चालतात. त्यांना थंड ठेवण्याची व्यवस्था वेगळी असते, गिअरबॉक्स वेगळा असतो. पण अंगकाठी तीच, जी मी तीस-बत्तीस वर्षे रोज उघडून पाहिली. ट्रकची वा बसची गाडी खड्ड्यावर घेतली की कामगार खाली उतरतो, मान वर करतो, आणि तेलाचा फिल्टर त्याच्या हाताशी येतो. नौकेत खाली उतरायचे कुठे? खाली तळाच्या फळ्या, त्यांच्याखाली पाणी आणि त्याखाली अरबी समुद्र!

त्यामुळे व्हायचे ते असे. फिल्टर बदलायचा म्हणजे कुणीतरी सडपातळ खलाशी पोटावर पालथा पडायचा, गरम एक्झॉस्टच्या खालून हात घालायचा आणि आंधळ्यासारखा चाचपायचा. फिल्टर तिथे आडवा बसवलेला. तो सुटला की त्यातले तेल हातावरून, बाहीवरून थेट तळातल्या पाण्यात. पुढे पंप चालला की ते पाणी तेलासकट खाडीत. ज्या पाण्यातून पोट भरायचे त्याच पाण्यावर ही काळी झिलई. शिवाय त्रासाच्या कामाचा जो धर्म असतो तो इथेही चालायचा: ते काम लांबणीवर पडायचे. इंजिनाबरोबरच्या पुस्तकात फिल्टर दर २५० तासांनी बदलावा असे लिहिलेले. दिवसाला दहा-बारा तास इंजिन चालते, तेव्हा हे २५० तास महिनाभरही पुरत नाहीत. प्रत्यक्षात फिल्टर बदलला जाई हंगामातून दोनदा, आणि तेही तांडेलाला आठवण झाली तर.

फिल्टर ही वस्तू तशी फार जुनी नाही. १९२० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड याने मोटारीच्या तेलासाठी गाळणी केली आणि तिला ‘प्युरोलेटर’ नाव दिले. ‘प्युअर ऑइल लेटर’, म्हणजे तेल शुद्ध, मग पुढचे, या शब्दांचा तो जोड आहे. त्याआधी तेल जाळीतून जाई, आणि खडे तेवढे अडत. डबीतला घड्या घातलेला कागद डोळ्यांना दिसणार नाहीत असे लोखंडाचे आणि काजळीचे कण अडवतो. खरे जग मोडते ते अशाच कणांनी. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ पापुद्रा असतो, त्याच्यापेक्षा जाड कण आत शिरला की तो धातूला ओरखडत सुटतो. डिझेलसाहेबांच्या नशिबी तर समुद्रच आला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून ते नाहीसे झाले. हे मी पुतण्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “काका, बोटीवर बसायच्या आधी असल्या गोष्टी सांगत जाऊ नका.”

गेल्या मे महिन्यात त्याचा फोन आला. नौका १ जूनपासून बंद. ३१ जुलैपर्यंत मासेमारीला मनाई असते, तेवढ्या अवधीत त्याला फिल्टर इंजिनापासून हलवून बाजूच्या आडभिंतीवर आणायचा होता, हाताला येईल असा. बंदरावर एकाने तसा बसवला होता म्हणे. “काका, तुम्ही सांगा, करू की नको?”

मी एकदम हो म्हटले नाही. कल्पना सोपी आहे. ब्लॉकवर जिथे फिल्टर बसतो तिथे त्याच आट्यांवर एक अडॅप्टर बसवायचा. त्यातून एका पाईपने तेल बाहेर न्यायचे, भिंतीवरच्या फिल्टरमधून गाळायचे आणि दुसऱ्या पाईपने परत इंजिनात आणायचे. पण जी गोष्ट कालपर्यंत इंजिनाच्या लोखंडी पोटात घडत होती ती आता दोन रबरी नळ्यांतून बाहेर फिरायला निघते. यातली एक नळी फुटली तर? पंप बिचारा प्रामाणिक. चेंबरमधले सगळे तेल तो त्या भोकातून मिनिटभरात बाहेर फेकील. मग बेअरिंगे जळतात आणि इंजिन जाम होते. रस्त्यावर गाडी बंद पडली तर प्रवासी शिव्या देतात आणि मागच्या गाडीने जातात. किनाऱ्यापासून वीस-पंचवीस मैलांवर मागची गाडी नसते. एका रात्री बंधूंचे इंजिन असेच बंद पडले होते आणि दुसऱ्या नौकेने दोर टाकून ओढून आणेपर्यंत वहिनी पहाटेपर्यंत किनाऱ्यावर उभ्या होत्या. तेव्हा कारण वेगळे होते, पण उभे राहणे तेच.

वहिनींनी फोन घेतला. त्यांना अडॅप्टर वगैरे ठाऊक नाही. त्यांनी एवढेच विचारले, “भावजी, आत्ता आहे तसे ठेवले तर धोका नाही का?”

प्रश्न बरोबर होता. न बदललेला फिल्टर तुंबला की त्याचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो. तेलच न मिळण्यापेक्षा घाण तेल बरे, एवढ्याच हिशेबाने तो ठेवलेला असतो. म्हणजे गेले कित्येक हंगाम त्या इंजिनाला पुष्कळदा न गाळलेलेच तेल मिळत असणार. एक धोका फुटून ओरडणारा, दुसरा गुपचूप कुरतडणारा. मी म्हटले, “करू. पण नळ्या मी इथून करून आणीन, आणि आणखी एक वस्तू बसवायची, तिला नाही म्हणायचे नाही.”

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बेअरिंग आणि होज पाईपचे एक जुने दुकान आहे. गल्ल्यावर मुलगा बसतो. पण पाईप कापण्याची वेळ आली की मागून वडील येतात. वय सत्याऐंशी. सारे त्यांना दादा म्हणतात. मी माप सांगितले: आतला व्यास १९ मिलिमीटर, लांबी चार-चार फूट, आत तारेची वीण असलेला, गरम तेल सोसणारा. फिल्टरच्या भोकापेक्षा नळी अरुंद झाली तर तेल अडते, आणि गरजेपेक्षा लांब झाली तर दाब पोचायला उशीर होतो, म्हणून हे माप. दादांनी विचारले, “कोणती गाडी?”

“गाडी नाही दादा, होडी.”

त्यांनी चष्मा काढला. “कोणत्या समुद्रात?”

म्हटले, “अरबी.”

“आमचाच की!” ते म्हणाले. दादांचा जन्म कराचीचा. कियामारीच्या धक्क्यावरून मनोऱ्याच्या बेटावर होडीने नेत असत, त्या होडीच्या कडेला हात बुडवून बसण्यावरून आई रागवायची, एवढे त्यांना लख्ख आठवते. त्यानंतर नागपूर. मधल्या साऱ्या वर्षांत त्यांनी ट्रकचे, जेसीबीचे, ट्रॅक्टरचे हजारो पाईप केले; होडीचा हा पहिलाच. मी साधी होज क्लिप मागितलीच नव्हती, तरी त्यांनी बजावले की क्लिप लावायची नाही, कंपनाने ती सैल होते. टोके प्रेसवर चिमटवून घेतली. मग स्वतः उभे राहून पोराकडून दोन्ही पाईप वीस किलोच्या दाबावर दहा मिनिटे धरून ठेवले. इंजिनात चार-पाच किलोच्या वर काम नसते. मी तसे म्हटले, तेव्हा ते म्हणाले, “तुमच्या इंजिनला नसेल, दर्याला असते.” यावर काय बोलणार? पैसे मात्र पुरते घेतले, आणि पावतीही दिली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पिशवीत पाईप घालून मी निघालो. मुंबई, खेड, दापोली असा तो लांबचा प्रवास. प्रत्येक गाडीत सहप्रवाशांनी त्या पिशवीकडे संशयाने पाहिले. नौका खाडीत आत आणून ठेवली होती आणि पाऊस नुसता कोसळत होता.

बसवण्याचे काम दीड दिवसाचे. त्यातला एक दिवस जागा ठरवण्यात गेला. फिल्टर असा टांगायचा की त्याचे तोंड वर यावे. म्हणजे बसवण्याआधी त्यात तेल भरता येते आणि काढताना सांडत नाही. पाईप एक्झॉस्टपासून हातभर दूर हवा. इंजिन रबराच्या पायांवर थरथरत असते आणि भिंत स्थिर असते, तेव्हा पाईपला थोडी ढील हवी. ताणून बांधलेला पाईप टोकाशी तुटतो. आणि तो कुठेही घासता कामा नये. मी दर फुटावर रबर लावलेली पट्टी मारायला लावली, तेव्हा पुतण्याचा खलाशी पुटपुटला की म्हातारा पाईपला दागिने घालतोय. घालू दे म्हटले. तारेची वीण एकदा घासून उघडी पडली आणि खारी हवा लागली की ती किती दिवस टिकते, ते त्यालाही ठाऊक होते.

आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायला तो सरसावला होता. ती मी हातातून काढून घेतली. त्या टेपेचा एक तुकडा सुटून तेलाच्या वाटेत अडकला की फिल्टरच्या पुढे त्याला अडवणारे कुणी नाही. तिथे तांब्याचा वायसर हवा. आणि दोन पाईपांची अदलाबदल होऊ नये म्हणून बाहेर जाणाऱ्याला लाल रंगाचा आणि परत येणाऱ्याला पांढऱ्या रंगाचा पट्टा मारला, दोन्ही टोकांना. ते उलटे जोडले गेले तर फिल्टरमधली रबरी चकती, जी तेल मागे वाहू नये म्हणून असते, तीच तेलाची वाट बंद करते. भर समुद्रात घाईने पाईप बदलताना अंधार असणार हे धरूनच रंग लावायचा.

मी म्हटली ती आणखी एक वस्तू म्हणजे भोंगा. तेलाचा दाब ठरलेल्या आकड्याखाली गेला की वाजणारा. मीटर तर होताच. पण सुकाणूवर उभा असलेला माणूस समुद्राकडे पाहील की काट्याकडे? त्याचा स्विच कुठे बसवायचा यावर पुतण्याचा आणि माझा थोडा खटका उडाला. भिंतीवरच्या फिल्टरपाशी बसवणे सोपे होते. मी हट्टाने तो इंजिनाच्या मुख्य गॅलरीवर, बेअरिंगांच्या तोंडाशी बसवायला लावला. तेल परत येताना पांढऱ्या पट्ट्याचा पाईप फुटला, तर बेअरिंगांना काय मिळते आहे हे तिथेच कळणार.

सुरू करण्याआधी बंद करण्याचा दांडा ओढून धरला, म्हणजे डिझेल जाणार नाही, आणि स्टार्टरवर इंजिन थोडे थोडे फिरवले. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. वहिनी छत्री धरून काठावर उभ्या होत्या. तिसऱ्यांदा काटा हलला. मग दांडा सोडला. इंजिन लागले, भोंगा क्षणभर वाजून थांबला, काटा साडेतीन किलोवर जाऊन बसला. आम्ही तिघे हातात कोरडे फडके घेऊन प्रत्येक सांधा पुसत बसलो; फडके कोरडेच राहिले. इंजिन थांबवून डिपस्टिक पाहिली आणि पाऊण लिटर तेल वर घातले, कारण दोन नळ्यांच्या पोटातच तेवढे राहते. ते न घालता निघून जाणारे लोक असतात.

नारळी पौर्णिमेनंतर नौका बाहेर पडली. पहिला फिल्टर पुतण्याने २४० तासांवर बदलला, वीस मिनिटांत, उभ्याने, खाली पत्र्याचा डबा ठेवून. जुना फिल्टर कापून त्यातल्या कागदाचे छायाचित्र मला पाठवले. काजळी होती, थोडी चमकही होती. पूर्वीच्या हंगामांची ती शिल्लक असावी. दुसऱ्या खेपेच्या कागदात चमक जवळजवळ नव्हती. ते चित्र मी दादांना दुकानात नेऊन दाखवले. त्यांनी कागद सोडून कोपऱ्यात दिसणाऱ्या आपल्या पाईपाच्या टोकाकडे बराच वेळ पाहिले आणि मुलाला हाक मारून तेही दाखवले.

इंजिनखोलीत आता एक लाल डबा खिळवून ठेवलेला आहे. त्यात जुन्या पद्धतीने सरळ ब्लॉकवर बसणारा एक फिल्टर, त्याचा आट्यांचा तुकडा, एक पाना आणि विजेरी आहे, आणि शेजारी बंद कॅनमध्ये पंधरा लिटर तेल. एखादा पाईप दगा देऊ लागला तर दोन्ही काढायचे, डब्यातला फिल्टर पहिल्या जागी लावायचा, तेल भरायचे आणि घरी यायचे. तांडेलाकडून हे मी डोळ्यांवर फडके बांधून दोनदा करून घेतले. पहिल्यांदा त्याला चाळीस मिनिटे लागली, दुसऱ्यांदा सव्वीस. वहिनी म्हणतात, आणखी एकदा करायला लावा.