नारळ थिजतो तेव्हा

चॉकलेट हाउपिया पायचा तुकडा खाण्याआधी बाजूने न्याहाळावा. तळाला खुसखुशीत कवच, त्यावर गडद चॉकलेटचा थर, त्यावर नारळाचा पांढराशुभ्र थर आणि माथ्यावर फेटलेल्या क्रीमचा ऐसपैस पसारा. काळ्या-पांढऱ्यामधली रेघ इतकी सरळ, की दोन निरनिराळे पदार्थ एकावर एक रचलेत असं वाटावं. खरं तर दोन्ही एकाच पातेल्यातले. नारळाचं दूध, साधं दूध आणि साखर उकळायची, पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर धार धरून सोडायचं आणि ढवळणारा हात थांबू द्यायचा नाही. मिश्रण जड होऊन त्यात बुडबुडे फुटू लागले, की अर्ध्यात वितळलेलं चॉकलेट मिसळायचं. काळं खाली, पांढरं वर. मग सगळं थंड व्हायला ठेवायचं आणि वाट पाहायची.

सगळी मदार या थिजण्यावर. नारळाचं दूध नुसतं आटवलं तर फुटतं, नुसतं गार केलं तर वर स्निग्धाचा थर धरतं. सुरीने कापता येईल असं ते आपणहून होत नाही. त्याला धरून ठेवणारं कुणी तरी लागतं. हाउपिया मूळचा हवाई बेटांवरचा, आणि तिथे हे काम पूर्वी पिया नावाचा कंद करत असे. पॉलिनेशियन दर्यावर्दी जोडहोड्यांतून ही बेटं वसवायला आले, तेव्हा नारळ आणि अळकुड्यांबरोबर पियाही आणला. कच्चा पिया कडू. तो किसायचा, पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचा, तळाशी बसलेलं सत्त्व वाळवायचं. ते नारळाच्या रसात कालवून, पानांत गुंडाळून, जमिनीत खणलेल्या इमू नावाच्या भट्टीत तापल्या दगडांवर शिजवायचं. तो हाउपिया. त्याच्या नावातही हा कंद आहे.

आज हाउपियात पिया क्वचितच असतो. मक्याचं पीठ दुकानात आयतं मिळू लागल्यावर किसण्या-धुण्याचा खटाटोप कोण करणार? साधं दूधही बाहेरचंच. 1793 साली कॅप्टन व्हँकुव्हरने राजा कामेहामेहाला गुरं भेट दिली, तेव्हा या बेटांवर गाईने पहिलं पाऊल टाकलं. साखरेचं म्हणाल तर ऊस पॉलिनेशियनांनीच आणला होता. पण 1835 मध्ये कौआई बेटावर कोलोआचा मळा सुरू झाला आणि उसाने बेटांचं रूपच पालटलं. मळ्यांवर चिनी, जपानी, पोर्तुगीज, फिलिपिनो मजूर आले आणि प्रत्येकाने आपली चूल सोबत आणली.

एवढी अदलाबदल होऊनही लुआउ या हवाईच्या मेजवानीच्या पंगतीत हाउपियाचे चौकोन येतात ते हाउपिया म्हणूनच. कारण खाणाऱ्याची कसोटी वेगळी आहे. तुकडा बोटांत धरता आला पाहिजे, खरवसासारखा थरथरला पाहिजे, पण मोडता कामा नये. दातांना आधी गारवा लागावा, नारळ मागाहून यावा. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास वितळतं हे आपल्याला हिवाळ्यातल्या बाटलीवरून ठाऊकच आहे. थंड हाउपियातलं स्निग्धही जिभेच्या उबेत सुटतं आणि त्याबरोबर वास सुटतो.

या सौम्य स्वभावाला चॉकलेट भेटलं आणि मौज झाली. हाउपियात आंबट नाही, कडू नाही, चावायला काही नाही. दोन घासांनंतर जीभ सुस्तावते. चॉकलेटचा कडवटपणा तिला जागं करतो, खालचं कवच दातांना काम देतं. हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सनसेट बीचजवळ 1987 साली सुरू झालेल्या टेड्स बेकरीने हा पाय गाजवला. हिवाळ्यात तिथे घराएवढ्या लाटा उठतात. त्या लाटांवर दिवसभर झुंजून आलेल्या माणसाला असं थंड, गोड आणि मऊ काही तरी हवंच असणार.

त्याच किनाऱ्यावर थोडं पुढे वायालुआ आहे. तिथला साखर कारखाना 1996 मध्ये बंद पडला आणि उसाच्या जमिनीवर कोकोची झाडं उभी राहिली. म्हणजे पायचा काळा थर आता तिथल्याच मातीतून येऊ शकतो. पांढरा थर मात्र मक्याच्या पिठाच्या आधाराने उभा. यातला देशी कोण आणि उपरा कोण, हे ठरवायला बसलं तर पाय वितळून जाईल.

परंपरा राखणं म्हणजे सगळंच जपणं नव्हे. कशाला हात लावू द्यायचा नाही, एवढं नेमकं ठाऊक असणं. हाउपिया करणाऱ्यांनी ती थरथर जपली आणि बाकीची दारं उघडी ठेवली. त्यातल्याच एका दारातून चॉकलेट पाहुणं म्हणून आत आलं आणि आता घरचं होऊन पंगतीत वाढायला उभं आहे.