मोगली त्या रात्री झोपला कुठे?

मुलांच्या एखाद्या गाजलेल्या पुस्तकावर मालिका निघाली की घराघरांत दोन तट पडतात. एक म्हणतो, पुस्तकाची पार वाट लावली. दुसरा म्हणतो, आता वाचतंय कोण, निदान बघतात तरी! आमच्याकडे सध्या हॅरी पॉटरवरून हे चालू आहे. त्या पुस्तकांवर नव्याने मालिका काढणार असं २०२३ साली जाहीर झालं, तेव्हापासून माझी पुण्याची नात एका तटात आणि तिचे बाबा दुसऱ्या. मी मराठी माध्यमातली बी.ए. त्यातला पहिला भाग मी मराठीतूनच वाचला (आवडला, पण त्या नावांनी जीव काढला), त्यामुळे या भांडणात मला फारसं कोणी विचारत नाही. पण अशाच एका पुस्तकाचं आणि त्याच्या मालिकेचं मुलांमध्ये काय होतं, ते मी वर्गात उभी राहून पाहिलेलं आहे. ते म्हणजे मोगली.

मोगली तसा आपल्या घरचाच. त्याला लिहिणारा रुडयार्ड किपलिंग जन्मला १८६५ साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात, त्याचे वडील तिथे शिकवत. गोष्टीतलं जंगल सिवनीचं, म्हणजे नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की सातपुड्यात लागतं ते. आणि मोगलीची नदी कोणती, तर वैनगंगा! सिवनीत उगम पावून भंडाऱ्यावरून गडचिरोलीकडे जाणारी, भूगोलाच्या तासाला नकाशात आम्ही बोटाने दाखवायचो तीच. गंमत अशी, की किपलिंगने ते जंगल कधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्यांची वर्णनं वाचून त्याने ते अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून लिहिलं. माणूस साम्राज्याचा कट्टर अभिमानी, त्याची कितीतरी मतं आपल्याला आज पचणार नाहीत. पण जनावरांना बोलतं करावं त्यानेच.

पुस्तकं आली १८९४ आणि १८९५ साली. आपल्या मुलांपर्यंत मोगली पोचला तो मात्र जवळजवळ शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, दूरदर्शनवरून, रविवारी सकाळी. मालिका जपानी, चित्रांची, बावन्न भागांची. बोली हिंदी. गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची, आणि शेरखानला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा.

तेव्हा मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत सहावीला शिकवत होते. पूर्व भाग म्हणजे यंत्रमागाची खटखट आणि दारोदारी सुपात तंबाखू घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं घरी तेलुगू बोलणारी, काही कानडी, काही दखनी आणि उरलेली मराठी. पाठ्यपुस्तकातली मराठी बऱ्याच जणांना परकीच. गोष्ट सांगितली तरी तिघं हसायची आणि बाकीची त्यांच्याकडे बघून हसायची.

मोगली सुरू झाला आणि सोमवारी सकाळी वर्गाचा रंगच बदलला. गल्लीत टीव्ही एखादाच, त्याच्या दारात वीसवीस पोरं ठिय्या देऊन बसायची. सोमवारी प्रार्थनेला ते चड्डीचं आणि फुलाचं गाणं, मधल्या सुट्टीत शेरखान. नानांचा आवाज काढण्यात एक कानडी मुलगा इतका पटाईत झाला, की इन्स्पेक्शनच्या दिवशी मी त्याला तंबी देऊन ठेवली होती. मला त्यात कौतुक वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ती हिंदी कोणाच्याच घरची नव्हती, त्यामुळे सगळ्यांना सारखीच होती. चाळीस मुलांना एकच गोष्ट माहीत आहे आणि कोणाला ती जास्त, कोणाला कमी असं नाही, असं माझ्या वर्गात पहिल्यांदाच घडत होतं. हे काम पुस्तकाने केलं नसतं. पुस्तक विकत घ्यावं लागतं, वाचता यावं लागतं, आणि ते एका वेळी एकाच्याच हातात असतं.

मालिकेची आणखी एक गोष्ट मोठी, ती म्हणजे वेळ. वर्षभर दर रविवारी भेटणारा मोगली मुलांच्या घरचाच होऊन गेला. सिनेमाला हे जमत नाही. १९६७ साली डिस्नेने याच पुस्तकावर सिनेमा काढला, त्यात वेळ कमी म्हणून कापाकापी केली आणि ‘का’ अजगराला चक्क खलनायक करून टाकलं. पुस्तकातला का म्हणजे केवढा शहाणा, माकडांच्या तावडीतून मोगलीला सोडवणारा! जपानी मंडळींनी त्याला मित्र ठेवला, याबद्दल मी त्यांना पैकीच्या पैकी मार्क देते. (मोगलीच्या हातात बूमरँग दिल्याबद्दल मात्र दोन कापते. सातपुड्यात ऑस्ट्रेलियातलं हत्यार कुठून आलं?)

पण सिनेमा कापतो तशी मालिका ताणते, आणि माझ्या मते घात झाला तो तिथे. मी हिराचंद नेमचंद वाचनालयातून मोगलीच्या गोष्टींचं एक मराठी रूपांतर आणलं, आणि ते त्रोटक वाटलं म्हणून डिक्शनरी शेजारी ठेवून मूळ इंग्रजीही वाचून काढलं. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी गेली. तेव्हा कळलं की मोगलीच्या गोष्टी आहेत सगळ्या मिळून आठ. पहिल्या पुस्तकात तीन, दुसऱ्यात पाच. आणि शेरखान पहिल्या पुस्तकातल्या तिसऱ्या गोष्टीतच मरतो! मोगली म्हशींचे दोन कळप दोन बाजूंनी घळीत घालतो, आणि वाघ त्यांच्या खुरांखाली तुडवला जातो. पान-दोन पानांत कारभार आटोपतो. आठातल्या पाच गोष्टींत तर शेरखान जिवंत दिसतच नाही.

आता बावन्न भाग चालवायचे तर वाघ इतक्या लवकर मारून कसं चालेल? मग तो येणार, डरकाळी फोडणार आणि हात हलवत परत जाणार. नानांच्या आवाजाने पहिले काही आठवडे पोरं खरंच टरकली होती. दिवाळीनंतर शेरखान म्हणजे गल्लीतला तापट काका झाला. दर रविवारी तो हरणार हे माहीत असल्यावर भीती कसली? भीती ही मिठासारखी असते, ताटभर वाढून चालत नाही. मालिका वाईट नव्हती, चित्रं तर देखणी होती, पण आठवड्याचा रतीब घालायचा म्हणजे दुधात पाणी आलंच.

आणि या वाघाच्या गडबडीत पुस्तकातली खरी गोष्ट मागे पडली. वाघ मेल्यानंतर काय होतं? मोगली गावात परत येतो, तर गावकरी त्याला दगड मारून हाकलतात. का, तर हा लांडग्यांचा पोर, चेटक्या. त्याआधी लांडग्यांनी त्याला काढलेलं असतं, तो माणूस म्हणून. ज्या वाघामुळे सगळा त्रास झाला तो मेला आणि तरीही पोराला घर नाही. किपलिंग इथे मुलांना काही म्हणजे काही सोडत नाही.

सुट्टी संपल्यावर ही मुलं सातवीत गेली, मीही त्यांच्याबरोबर वरच्या वर्गावर गेले आणि शनिवारच्या शेवटच्या तासाला वाचून दाखवायला लागले. इंग्रजी डोळ्यांसमोर, मराठी तोंडात. पहिल्या शनिवारी गोंधळ. ‘बाई, बूमरँग कुठाय की?’ ‘बाई, हा मोगली तसला नाही.’ मी म्हटलं, नसेना, ऐका.

पाण्याच्या गोष्टीला मात्र वर्ग एकदम गप्प झाला. दुष्काळ पडतो, वैनगंगा आटते, एरवी पाण्याखाली असणारा खडक उघडा पडतो आणि जंगलात करार पुकारला जातो: पाणवठ्यावर कोणी कोणाला मारायचं नाही. हरीण आणि वाघ एकाच धारेला तोंड लावतात. सोलापूरच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार आणि हंड्यांची रांग कशी लागते, हे त्यांना पाढ्यांच्या आधी पाठ. एकजण म्हणाला, उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तसंच ना बाई? त्याने ते मामाबरोबर जाऊन पाहिलं होतं. आमच्या गल्लीत हा करार का नाही, असं एका मुलीने विचारलं. आदल्याच दिवशी तिच्या आईचं नळावर भांडण झालेलं.

आणि मग आला दगडांचा शनिवार. शेवटच्या बाकावर एक मुलगा बसायचा. घरी तेलुगू, वडील मागावर, आई विड्या वळायची. मराठी वाचताना दर शब्दाला अडखळायचा, आणि अडखळला की मराठी मुलं हसायची. गल्लीत त्याची दुसरी पंचाईत. शाळेतलं मराठी तोंडात बसायला लागल्यामुळे तिथली पोरं त्याला ‘मास्तर’ म्हणून चिडवायची. मी वाचत होते तोवर तो मान खाली घालून बसला होता. वाचून झालं, घंटा झाली, पोरं दप्तरं घेऊन पळाली. हा टेबलाशी आला.

‘बाई, हे टीव्हीत असं नव्हतं.’

‘नव्हतं.’

‘मग तो त्या रात्री झोपला कुठं?’

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला विचारलेल्या प्रश्नांत हा पहिल्या दोन-तीनांत धरावा लागेल. उत्तर मला ठाऊक होतं. मोगली वाघाचं कातडं लांडग्यांच्या सभेच्या खडकावर पसरतो, आणि मग ना कळपात ना गावात, चार लांडगेभावांना घेऊन आपला आपण शिकार करत राहतो. पण मी ते सांगितलं नाही. मराठी रूपांतराचं पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, यात आहे, शोध.

त्याला साडेतीन आठवडे लागले. वाचनालयाचा दंड मी भरला. पुस्तक परत आलं तेव्हा पानांमध्ये खुणेसाठी मागावरच्या रंगीत सुताचे तुकडे होते, एकूण अकरा. त्याने पहिल्यांदाच एक अख्खं पुस्तक वाचलं होतं. आणि ते त्याने उघडलं कशाच्या जोरावर? अकेला, बघीरा, शेरखान ही सगळी मंडळी त्याला आधीपासून ओळखीची होती म्हणून. टीव्हीने ती ओळख करून दिली नसती तर माझं वाचन त्याने मान खाली घालूनच ऐकलं असतं. म्हणून मी मालिकांच्या नावाने सरसकट बोटं मोडणाऱ्यांत नाही. पण तो प्रश्न टीव्हीने त्याच्या मनात घातला नसता, हेही तितकंच खरं.

या जमेखर्चात एक बाब मात्र अशी आहे की तिची भरपाई नाही. आमच्या पिढीने विक्रम-वेताळ चांदोबात वाचला. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, असं दर महिन्याला एक चित्र, बाकी सगळं स्मशान आपलं आपण उभारायचं. माझ्या वेताळाच्या आवाजात आमच्या गावच्या गुरवाचा खोकला होता. पुढे १९८५ साली दूरदर्शनवर तो आला आणि सगळ्या देशाचा वेताळ एकाच आवाजात हसायला लागला. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचंही तेच. त्याच्या गोष्टींत जादू नव्हती, पण तो ‘ट्टॉक’ ज्याने त्याने आपल्या जिभेने आपल्या टाळूवर वाजवून बघितलेला असायचा. दूरदर्शनवर सुमीत राघवन फाफे झाला, छानच झाला, पण मग ट्टॉक त्याचा झाला. शेरखान तर नानांच्या आवाजातून सुटलाच नाही. २०१६ साली नवा सिनेमा आला, तेव्हा हिंदीत शेरखानला पुन्हा नानाच लागले. मी मूळ इंग्रजी उघडलं तरी वाघ नानांसारखाच बोलतो. काय करणार!

म्हणून नातीला मी एवढंच सांगितलंय, की मालिका खुशाल बघ, पण उरलेले भाग आधी वाचून घे. आधी वाचलंस तर बघताना भांडता येईल. तिच्या बाबांना हे पटलेलं नाही.

तो मुलगा नववीनंतर मागावर गेला. आता त्याची स्वतःची टॉवेलची छोटी फॅक्टरी आहे. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, दूरदर्शनने मोगली पुन्हा दाखवायला घेतला. पूर्व भागातले माग बंद होते, इतकी शांतता मी त्या बाजूला कधी ऐकली नव्हती. एक दिवस दुपारी त्याचा फोन आला. म्हणाला, बाई, पोराला घेऊन बसलोय मोगली बघत, आणि याला सांगून टाकलं की वाघ म्हशींच्या पायाखाली मरतो आणि नंतर गाववाले दगड मारतात. मी विचारलं, मग काय म्हणाला?

‘रुसून बसलाय, बाई. म्हणतो, सगळं आधीच का सांगितलं? आणि आता विचारतोय, ते पुस्तक कुठाय.’

वाचनालय बंद होतं. माझ्याकडची इंग्रजी प्रत मी पिशवीत घालून फाटकाला अडकवून ठेवली. तो मास्क लावून आला आणि घेऊन गेला. अजून परत आलेली नाही.