काका, वन्स मोअर!

चांगला सिनेमा पाहून आलो, की आमच्या घरात शांतता पसरते. दिग्दर्शकाने काहीतरी खोल सांगितलेलं असतं. ते आपल्या एकट्यालाच कळलं नाही की काय, या धास्तीने कोणी आधी तोंड उघडत नाही. "फोटोग्राफी छान होती," असं कोणीतरी पुटपुटतं आणि आम्ही पानं घ्यायला लागतो.

वाईट सिनेमा पाहून आलो, की मात्र चपला काढायच्या आधीच सगळे एकदम बोलू लागतात. नायकाने आईच्या अंगावर पडून कसा हंबरडा फोडला, हे आमची ही कोचावर उशी आडवी टाकून साभिनय दाखवते. मी खलनायक होतो. आमटी गार होते. चांगल्या सिनेमांनी माझ्या ज्ञानात पुष्कळ भर घातली असेल. पण आमच्या संसारात आनंदाचे जे क्षण आले, त्यांतले बरेचसे वाईट नटांनी दिलेले आहेत. त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते, म्हणून हा लेख.

गेल्या मे महिन्यात आमची नात सुट्टीला आली होती. एके रात्री ती म्हणाली, "आजोबा, जगातला सगळ्यात वाईट सिनेमा बघायचा?"

"पाहिलाय. तुझ्या आजीच्या माहेरच्यांबरोबर."

"माझ्या माहेरच्यांनी तिकिटं तरी काढली होती," ही आतून म्हणाली आणि हात पुसत बाहेर येऊन बसली.

सिनेमाचं नाव 'द रूम'. २००३ साली लॉस एंजेलिसमध्ये प्रदर्शित झालेला. लेखक टॉमी वायझो, दिग्दर्शक टॉमी वायझो, निर्माता टॉमी वायझो आणि नायकही टॉमी वायझो. इतकी कामं आपल्याकडे एकटा माणूस फक्त मुलीच्या लग्नात करतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे भाव असतात तेच या गृहस्थांच्या चेहऱ्यावर सिनेमाभर होते. खर्च साठ लाख डॉलर झाला म्हणतात. लोक कॅमेरा भाड्याने आणतात. यांनी विकत घेतले. तेही दोन तऱ्हेचे, आणि शेजारीशेजारी ठेवून एकच प्रसंग दोन्हींवर घेतला. पहिल्या दोन आठवड्यांत गल्ला जमला सुमारे अठराशे डॉलर. दुसरा कोणी असता तर गाव सोडून गेला असता. या बहाद्दराने स्वतःचा चेहरा छापलेला भला मोठा फलक हॉलिवूडच्या रस्त्यावर कित्येक वर्षं भाडं भरून टांगून ठेवला!

गोष्ट साधी. नायक बँकेत. त्याची वाग्दत्त वधू त्याच्याच जिवलग मित्राच्या प्रेमात पडते. आपल्याकडे एवढ्यावर शंभर सिनेमे निघाले आहेत. पण इथे नायक गच्चीवर येतो, आपण तिच्यावर हात उगारलाच नाही असं संतापून स्वतःशी ओरडतो, हातातली पाण्याची बाटली आपटतो आणि पुढच्याच क्षणी, सकाळी फिरायला निघालेल्या पेन्शनरला दुसरा पेन्शनर भेटावा तसा, तिथे बसलेल्या मित्राला राम राम करतो. संताप, बाटली आणि राम राम, सगळं एका दमात. हा एवढासा तुकडा तीसहून अधिक वेळा घ्यावा लागला, असं त्या मित्राचं काम करणाऱ्या ग्रेग सेस्टेरोने नंतर पुस्तकात लिहिलं आहे. म्हणजे आम्ही पाहिला तो त्यांतला सर्वांत उत्तम!

पुढे नायिकेची आई मुलीला सांगते, मला कॅन्सर झालाय. मुलगी ते पडसं झाल्यासारखं ऐकून घेते, आणि नंतर त्या आजाराचा उल्लेख कोणी, खुद्द आईसुद्धा, करत नाही. मित्र एका बाईला मारहाण होऊन ती इस्पितळात गेल्याची हकिगत सांगतो, तर नायक खळखळून हसतो. दिवाणखान्यात चौकटीत लावलेलं चित्र कशाचं, तर चमच्याचं. अमेरिकेत या सिनेमाचे मध्यरात्री खेळ होतात, आणि ते चित्र दिसलं की प्रेक्षक बरोबर आणलेले प्लॅस्टिकचे चमचे मुठी मुठीने पडद्यावर फेकतात. आमच्या घरी चमचे स्टीलचे, म्हणून हिने फेकू दिले नाहीत. बाकी हसून हसून आमची पोटं दुखली.

आता एक प्रामाणिक प्रश्न. वाईट गाणं ऐकवत नाही, वाईट आमटी गिळवत नाही. मग वाईट अभिनयच एवढा गोड का लागतो?

पुष्कळ विचार करून मी असं ठरवलं आहे, की वाईट नट दोन प्रकारचे. पहिला कंटाळलेला नट. पैसे घेतलेत, संवाद म्हणतो, घरी जातो. आमच्या जुन्या कचेरीतला कारकून ज्या चेहऱ्याने अर्जावर शिक्का मारायचा, त्या चेहऱ्याने हा प्रेम करतो. त्याला पाहून हसू येत नाही. तिकिटाचे पैसे आठवतात. दुसरा भक्त नट. याला अभिनय येत नाही, पण ते त्याला कोणी सांगितलेलं नाही. तो जीव ओतून करतो. आपण हसतो ते याला.

या दुसऱ्या पंथाचे थोर पुरुष म्हणजे अमेरिकेतले एड वुड. 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' नावाचा त्यांचा सिनेमा पहिल्यांदा १९५७ साली दाखवला गेला. ड्रॅक्युलामुळे प्रसिद्ध झालेले बेला लुगोसी हे नट १९५६ सालीच वारले होते. त्यांचं अगदी थोडं चित्रण हाताशी होतं. शहाणा माणूस थांबला असता. वुडसाहेबांनी बायकोचे मणके सरळ करून देणाऱ्या वैद्याला उभं केलं आणि काळा झगा नाकापर्यंत ओढून धरायला सांगितलं. हा वैद्य लुगोसींपेक्षा चांगला उंच आणि चेहऱ्याने वेगळा. म्हणजे एकाच पात्राची उंची प्रसंग बदलला की वाढते. पण ज्या श्रद्धेने तो वैद्य नाकापुढे झगा धरून चालतो, ती पाहिली की आपण मनातल्या मनात म्हणतो, चाला डॉक्टर, आमचं काही म्हणणं नाही!

आपणही मागे नाही. कांती शाह यांचा 'गुंडा' १९९८ साली आला आणि गेला. मिथुन चक्रवर्ती, मुकेश ऋषी, शक्ती कपूर, आणि ज्यांना आपण मराठी रंगभूमीवर मानाने पाहिलं ते मोहन जोशीही त्यात आहेत. त्यातला खलनायक आला, की आधी आपलं नाव सांगतो आणि मग त्याला यमक जुळवतो. खुनाच्या गडबडीतसुद्धा यमक चुकत नाही. सगळे एवढ्या जोरात बोलतात, की ध्वनिक्षेपकाचा शोध लागायच्या आधीचा सिनेमा वाटावा. थिएटरात पडलेला हा सिनेमा पुढे वसतिगृहातल्या पोरांनी असा डोक्यावर घेतला, की त्यातले संवाद त्यांना परीक्षेच्या उत्तरांपेक्षा चोख पाठ असत.

आणि मला वाटतं, त्या हसण्यात थोडी सुटकाही असते. चांगल्या नटापुढे आपण लहान होतो. वाईट नट मात्र आपल्यातला असतो. नावडते पाहुणे दारात उभे राहिल्यावर "या, या, अलभ्य लाभ!" हे वाक्य मी ज्या आवाजात म्हणतो, त्याहून वायझोसाहेबांचा आवाज काही वाईट नाही.

हे सगळं मी नातीला समजावून सांगत होतो. तेवढ्यात हिने डोळे पुसत म्हटलं, "हसतोय खरं आपण. पण किती मनापासून करतोय गं बिचारा!"

आणि मला आमच्या चाळीतले काका आठवले.

गिरगावातली चाळ, १९६५ च्या आसपासची गोष्ट. काका पोस्टात टपाल निवडायच्या कामावर होते. वर्षभर त्यांचा आवाज कोणी ऐकला नसेल. पण गणपतीतल्या ऐतिहासिक नाटकात किल्लेदार तेच. दुसऱ्याचं भाषण चाललं असताना काकांचे ओठ हलत, कारण त्यांना सगळं नाटक पाठ असे. डाव्या हाताचं काय करायचं हे त्यांना कधीच सुचलं नाही. तो हात नाटकभर दुसऱ्या कोणाचा तरी आणलेला असावा तसा लोंबकळत राही. पण खरी गंमत मरणाची. पोटात तलवार गेली, की काका आधी शेला काढून नीट घडी घालून बाजूला ठेवत. पोशाख भाड्याचा, डाग पडला तर डिपॉझिट जायचं. मग उपरण्याने फळ्या झटकत, अंग टेकत आणि मग ते लांबलचक भाषण करून हप्त्याहप्त्याने मरत. खाली अख्खी चाळ लोटपोट. "काका, वन्स मोअर!" असा पुकारा होई. आपलं काम रंगलं या समजुतीने काका उठून बसत, नमस्कार करत आणि पुन्हा मरत.

हा शोध काकांचाच, असं मला बरीच वर्षं वाटे. पुढे वाचनात आलं, की इंग्लंडात रॉबर्ट कोट्स नावाचे एक धनवान हौशी नट होऊन गेले. १८१० साली त्यांनी बाथ शहरात रोमिओ केला. तेही मरण्याआधी रुमालाने रंगभूमी झाडत आणि लोकांनी ओरडा केला की पुन्हा मरत. त्यांचा पोशाख स्वतःचा होता, एवढाच फरक.

तर एका वर्षी नाटकाच्या दुसऱ्या दिवशी काका गॅलरीत उभे राहून दंतमंजन लावत होते. मी तेव्हा कॉलेजात. शहाणपणाचा कळस गाठलेला. मी अगदी कौतुकाने म्हणालो, "काका, काल काय हसवलंत हो! जॉनी वॉकरच्या तोंडात मारलीत!"

काकांचं बोट तोंडात तसंच थांबलं. "हसवलं?"

"म्हणजे काय! मरताना तर लोक गडाबडा लोळत होते."

"असं होय," काका म्हणाले. चूळ भरून आत गेले.

पुढच्या वर्षी काकांनी पुन्हा किल्लेदार केला. शेल्याची घडी त्यांनी तीनदा घातली. फळ्या झटकताना मुद्दाम शिंकले. दर वेळी हळूच प्रेक्षकांकडे पाहत, आता तरी हसताय ना? पण एक माणूस हसला नाही. पुढच्या रांगेतली पोरं उठून वाटाणे आणायला गेली. ते सगळं नुसतंच वाईट झालं होतं. कोणी वन्स मोअर म्हटलं नाही, आणि काका एकदाच मेले.

त्यानंतर त्यांनी तोंडाला रंग लावला नाही. दर वर्षी ते पडदा ओढायला बसत. तो मात्र ते अगदी वेळेवर, न अडखळता ओढत. त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं.

'द रूम' पहिल्यांदा लागला तेव्हा त्याची जाहिरात टेनेसी विल्यम्सच्या तोडीचं भावनाट्य म्हणून झाली होती. लोक हसायला लागल्यावर वायझो सांगू लागले, की हा मुळात विनोदी सिनेमाच होता. नातीने मला हे हसत हसत सांगितलं, पण मला ते गॅलरीत थांबलेलं बोट दिसलं. पुढे जेम्स फ्रँको या नटाने वायझोंची हुबेहूब नक्कल करणारा सिनेमा २०१७ साली काढला आणि त्या भूमिकेसाठी २०१८ च्या जानेवारीत त्याला गोल्डन ग्लोब मिळालं. वाईट नटाचं काम चांगलं केल्याबद्दल बक्षीस! खरे वायझोही व्यासपीठावर गेले. माइककडे सरकले, तर फ्रँकोने हाताने त्यांना अडवलं. सभागृह हसलं. एड वुडच्या नशिबी तर तेवढंही नव्हतं. ते १९७८ साली कफल्लक अवस्थेत वारले, आणि १९८० साली एका पुस्तकाने त्यांना सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरवून जगभर प्रसिद्ध केलं. कधी वाटतं, त्यातल्या त्यात तेच सुटले. त्यांना कोणी गॅलरीत गाठलं नाही.

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीने एकांकिका बसवली. त्यात घर सोडून निघालेल्या म्हाताऱ्याचं काम माझ्याकडे आलं. मी किल्ल्या मुलाच्या हातात देतो आणि एकदा मागे वळून पाहतो, असा अतिशय हृदयद्रावक प्रसंग. मी महिनाभर आरशासमोर वळत होतो. प्रत्यक्ष वळलो तेव्हा तिसऱ्या रांगेत नातीचे खांदे हलताना दिसले. मला वाटलं, पोरगी हळवी आहे. मग तिच्या शेजारच्यांचेही हलताना दिसले. मग सगळ्या रांगेचे. पडदा पडल्यावर कोणीतरी "वन्स मोअर" म्हणाल्यासारखंही वाटलं.

घरी येताना मी हिला विचारलं, "कसं झालं गं?"

"छान झालं."

"खरं सांग."

"छान झालं म्हटलं ना! तुमचं वळणं तर लोक अजून बोलतायत." आणि हिने पदर तोंडाला लावला. थंडी नव्हती.

मी पुढे काही विचारलं नाही. काकांना हे असं उत्तर देणारं माणूस त्या दिवशी गॅलरीत हवं होतं. तिथे नेमका मी होतो.

"पुढच्या वर्षीही करावं म्हणतो," मी जिना चढताना म्हणालो. "पण भूमिका गंभीरच घेणार. विनोदी आपल्याला जमायची नाही."

"गंभीरच घ्या हो," ही घाईघाईने म्हणाली.