पोटाखालचं गोणपाट

कळंबला आमच्या वस्तीवर बैल बसला आणि उठेना झाला की आप्पा आधी गोणपाट काढायला सांगत. वालचंदनगरचा कारखाना जवळच, त्यामुळे साखरेच्या रिकाम्या पोत्यांना तोटा नव्हता. पोती उसवायची, दाभणानं एकाला एक शिवायची, बैलाच्या पोटाखालून सरकवायची आणि टोकांना बांधलेले दोर लिंबाच्या फांदीवरून ओढायचे. आप्पांचं सगळं लक्ष खुरांकडं. "टांगू नका रं त्याला. खूर टेकू द्या. जमीन लागली तरच पाय कामाला लागत्यात."

ऊस ओढताना पाय दुखावलेला बैल असा उभा राहिला, की पुढं त्याला नीरा नदीत पोटाइतक्या पाण्यातून चालवत. पाणी अंगाचा भार उचलतं आणि पाय टाकायला जोरही लावायला लावतं. शर्यतीचे बैल आजही पोहायला नेतात. दम वाढतो आणि सांध्यांना धक्के बसत नाहीत.

पुढं ट्रॅक्टर आला, बैल गेले, गोठा जर्शी गाईंनी भरला. जास्त दुधाची गाय व्याली की रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं आणि ती बसते. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं की बहुतेक गाई काही तासांत उठतात. काही उठत नाहीत, आणि खरी सेवा तिथून सुरू होते. चार-पाचशे किलोचं धड एकाच मांडीवर पडून राहिलं तर खालच्या स्नायूचं रक्त अडतं, नस दबते. मूळ आजार बरा झाला तरी पाय निकामी होतो. म्हणून दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. आई कंदील घेऊन उठायची. खाली पाचटाचा जाड थर, मांड्यांना चोळणं, आणि गाय स्वतः उठू पाहील त्या क्षणी गोणपाट पोटाखाली. आईच्या या जागरणाला मी उपचारच म्हणतो. बाटलीतल्या औषधाइतकाच त्याचा वाटा आहे. २०२२ साली लम्पी आला तेव्हा पाय सुजलेल्या जनावरांना हीच सेवा लागली.

परवा पुण्यात लेकीकडं होतो. तिच्या डॅशहुंडची मणक्यातली चकती सरकली आणि मागचं धड गेलं. लांब पाठ आणि आखूड पायांच्या या जातीत हा आजार बराच दिसतो. शस्त्रक्रियेनंतर त्याला फिजिओथेरपीला नेत होते. काचेच्या टाकीत कोमट पाणी, तळाशी सरकता पट्टा. पाणी कुत्र्याच्या खुब्यापर्यंत भरलं की पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम ३८ टक्के भार उरतो. गुडघ्यापर्यंतच भरलं तर ८५ टक्के. पाणी हळूहळू उतरवत भार वाढवतात. घरी चालवताना लेक त्याच्या पोटाखालून टॉवेल धरायची. मी तो जरा वर ओढला, तशी थेरपिस्ट मुलगी म्हणाली, "काका, पंजे टेकू द्या." मला आप्पाच बोलल्यासारखे वाटले.

रतन टाटांनी आपल्या कुत्र्याला सांध्याच्या उपचारासाठी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेलं होतं, पण तोवर उशीर झाला होता. त्या अनुभवातूनच पुढं २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. फार चांगलं झालं. पण माझं मन गोठ्यात अडकतं. परदेशात अशा बसलेल्या गाईला कोमट पाण्याच्या हौदात उभं करतात. आमच्याकडं शिरवळला, याच नीरेच्या काठी, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं शिकणाऱ्या पोरांनी ही विद्या वस्त्यांवर आणावी असं मला फार वाटतं. कुत्रं दहा किलोचं, एका हातानं उचलता येतं. गाईला सात-आठ माणसं लागतात, आणि आता वस्तीवर दुपारी दोन माणसं मिळत नाहीत. माणसं नाहीत म्हणून बरी होऊ शकणारी गाय जाते, हे मला सोसत नाही.

म्हणून आमच्या दूध संकलन केंद्रावर एक साखळीची कप्पी, लोखंडी तिपाई आणि रुंद पट्टा ठेवावा, असं मी मांडलं. कप्पी आली आहे. तिपाईचं काम वेल्डिंगवाल्याकडं दिलंय. पट्टा नायलॉनचा घ्यायचं ठरतंय. आतून गोणपाटाचं अस्तर लावा, नाहीतर कातडं सोलवटेल, एवढं मी सांगून ठेवलंय.