बघणं आणि करणं



सुटीत आमच्या घरात पोरी जमल्या की तीन गोष्टी हमखास मोबाइलवर चालू असतात. एकीला रेड कार्पेटवरचे नट्यांचे कपडे बघायचे असतात, दुसरीचा कुठला तरी फुकटचा ऑनलाइन कोर्स चालू असतो आणि तिसरीची मॅच. आमच्या सासूबाईंच्या मते तिन्ही म्हणजे डोळ्यांचं नुकसान. मला तसं वाटत नाही. मी तिन्ही बघते आणि आवडीने बघते. बघता बघता माझी काही मतं तयार झाली आहेत, ती आज मांडते. तिसरं मत आमच्या घरात सध्या चालू असलेल्या एका वादाबद्दल आहे, तेव्हा तिथपर्यंत नक्की या.

गालिच्यावरचे कपडे

रेड कार्पेट म्हटलं की आपल्याला वाटतं, हे सगळं तिकडचं, अमेरिकेचं. पण 2023 साली न्यूयॉर्कच्या मेट गालाला जगभरच्या तारका ज्या गालिच्यावरून चालल्या, तो आपल्या केरळात, आलप्पुळा जिल्ह्यात विणलेला होता. त्याच वर्षी ऑस्करचा गालिचा तर लाल नव्हताच. 1961 नंतर पहिल्यांदा त्यांनी लाल सोडून फिका शॅम्पेन रंग घेतला होता. आणि ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती कोण? आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैया. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी 1983 साली जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना तो पुरस्कार मिळाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या चित्रकला शिकल्या होत्या. तो चित्रपट पुन्हा लागला तर या वेळी कपड्यांकडे बघा. बॅरिस्टरच्या सुटापासून खादीच्या पंचापर्यंत एका माणसाचं आयुष्य कसं बदलत गेलं, ते संवाद न ऐकताही कळतं. मला कपड्याचं महत्त्व असं पटतं. तो अंगावरच्या माणसाबद्दल काहीतरी सांगतो.

म्हणून मी नट्यांच्या कपड्यांना नावं ठेवणाऱ्यांपैकी नाही. 2024 च्या मेट गालाला आलिया भट्ट सब्यसाचीने केलेली साडी नेसली होती. त्या साडीवर 163 जणांचे 1965 तास गेले होते. मी हिशेब केला. एकाच बाईने रोज आठ तास भरतकाम केलं, तर सुटी न घेता आठ महिने लागतील. एवढं काम आपल्या देशातल्या कारागिरांच्या हातून झालं, याचा अभिमान वाटतो. आपण मात्र फोटो बघताना नेसणारीचं नाव पाठ करतो आणि सुई धरणारे हात विसरतो.

मला सगळ्यात आवडलेला प्रसंग मात्र 2020 च्या ऑस्करचा आहे. जेन फोंडा त्या सोहळ्याला जो लाल पोशाख घालून आल्या, तोच त्यांनी 2014 साली कानला घातला होता. तेव्हा त्या ऐंशी ओलांडलेल्या होत्या आणि सगळ्या जगासमोर जुनाच कपडा घालून उभ्या राहिल्या. वाकिन फिनिक्स या नटाने तर त्या वर्षीच्या सगळ्या सोहळ्यांना एकच सूट घातला. तो शिवणाऱ्या स्टेला मॅकार्टनी कातडं आणि फर वापरत नाहीत. त्याच नटाने ऑस्कर घेताना गाईपासून वासरू तोडण्याबद्दल भाषण केलं, आणि ते ऐकून मी आमच्या दुधाच्या पातेल्याकडे दोनदा पाहिलं. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

आता आपल्याकडे या. हल्ली कार्यालयात रिसेप्शनलाही दारापासून स्टेजपर्यंत लाल गालिचा घालतात. त्यावरून चालताना, “ही साडी तू मागच्या लग्नात नेसली होतीस ना गं?” हे वाक्य कोण बोलतं? पुरुष नाही बोलत. त्यांना आपण कुठली साडी नेसलो होतो हे त्याच दिवशी संध्याकाळी आठवत नाही. बायकाच बायकांना बोलतात, आणि त्या एका वाक्यापायी कपाटं भरतात. परिग्रहपरिमाणाबद्दल आपण प्रवचनात ऐकतो, मान डोलावतो आणि परतताना साड्यांच्या सेलला थांबतो. मी साड्यांचा आकडा तीस ठरवला आहे. नवी आली की एक जुनी कुणाला तरी द्यायची. चार वर्षं हे जमतंय आणि माझ्यावाचून कुठलंही लग्न अडलेलं नाही.

रेशमाबद्दलही बोलायला हवं. बहुतेक रेशीम मिळवताना किडा कोशात असतानाच कोश उकळत्या पाण्यात टाकतात, हे आपल्याला माहीत आहे. तरी ‘शुद्ध’ म्हणून पूजेला रेशीमच नेसायचं, हे मला कोडं वाटतं. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशातून सूत काढायची पद्धत रूढ केली, त्याला अहिंसा सिल्क म्हणतात. धागा तुटलेला असतो, तो पुन्हा कातावा लागतो, म्हणून ते महाग पडतं. मी माझ्या लग्नातले दोन शालू जपून ठेवलेत, पण नवीन रेशीम घेत नाही. सुती इरकल मला पुरतं. तुम्ही काय करावं ते तुम्ही ठरवा, पण विचार करून ठरवा.

फुकटचं शिक्षण

अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमाचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं करायचं 2001 साली जाहीर केलं. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीने मिळून 2003 मध्ये एनपीटेल सुरू केलं आणि 2017 मध्ये केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ आलं. शिकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क भरायचं. बालभारतीची पुस्तकं घरबसल्या उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोश इंटरनेटवर खुला आहे. माझ्या आईच्या पिढीतल्या ज्या बायकांना सातवीनंतर शाळेतून काढलं, त्यांना हे तेव्हा मिळालं असतं तर, असं सारखं मनात येतं.

पण फुकट म्हणजे पैशाने फुकट. वेळ लागतोच, आणि घरातल्या बाईच्या वेळेवर सगळ्यांचा हक्क असतो. नवऱ्याची ऑनलाइन मीटिंग चालू असली की आपण टीव्हीचा आवाज कमी करतो. आपला धडा चालू असला की कुणीतरी विचारतं, “चहा टाकतेस का?” म्हणून नुसतं नाव नोंदवून उपयोग नाही. आधी घरात वेळ जाहीर करावी लागते. माझी वेळ दुपारी अडीच ते साडेतीन. त्या तासात दार, फोन आणि गॅस दुसऱ्या कुणीतरी बघायचा. पहिला महिना कुरकुर झाली. आता सासूबाईच येणाऱ्याला सांगतात, “ती शिकायला बसलीय.”

मी शिकले ते आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ वरून. दहाएक मिनिटांचे छोटे धडे असतात आणि पुष्कळसे मराठीतही आहेत. हिशेबाच्या तक्त्यांसाठी लिब्रे ऑफिस कॅल्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते मी त्यातून शिकले. त्यांची एक अट मला फार आवडली. स्क्रीनच्या एका बाजूला धडा लावायचा, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडायचं, आणि ती बाई सांगेल ते लगेच आपल्या हाताने करून बघायचं. आडवं पडून चार धडे ऐकले तर काहीच येत नाही. बसून एक केला तर येतो. आज आमच्या महिला मंडळाचा भिशीचा आणि शिक्षणनिधीचा हिशेब मी त्यात ठेवते. पूर्वी तो वहीत असायचा, आणि दर वेळी बेरजेवरून अर्धा तास चर्चा व्हायची.

ज्यांना स्वाध्यायाची सवय आहे त्यांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही. रोज थोडं वाचायचं, न कळलेलं विचारायचं, कालचं आज पुन्हा फिरवायचं. कोर्स अर्धवट सुटतात ते अवघड असतात म्हणून कमी, आणि एका वेळी पाच उघडून ठेवले म्हणून जास्त. एकच घ्या आणि तो संपवा.

मैदान

2 नोव्हेंबर 2025 ची रात्र आठवते ना? नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. पावसामुळे उशिरा सुरू झाला तो मध्यरात्रीच्या सुमारास संपला. आमच्याकडे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकलेलं, त्यामुळे तोंडात टाकायला काही नाही, आणि घरातली एकही बाई जागची हलली नाही. आपण दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना त्या संघाची उपकर्णधार. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत प्रत्येक जण ती आपली पाहुणी असल्यासारखा बोलत होता.

आणि आता आमच्या घरातला वाद. माझी पुतणी नववीत आहे. खो-खो खेळते, जिल्ह्याच्या संघात आहे. त्या रात्री तिच्या आईने, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या. त्याच जाऊबाईंनी आता ठरवलं आहे की जूनपासून तिचं मैदान बंद. कारणं तीन. दहावी आली, उन्हाने रंग काळवंडतो, आणि स्पर्धेला बाहेरगावी गेली की खाण्याचे हाल होतात.

ताईंची काळजी खोटी नाही, आईची काळजी कधी खोटी नसते. पण मला हा निर्णय पटलेला नाही आणि मी तो त्यांना तोंडावर सांगितला आहे.

दहावीचं बघू. ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या मुलांना आपल्या राज्यात दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. 2022 पासून क्रिकेट मंडळ महिलांना पुरुषांइतकंच सामना मानधन देतं. हे सगळं बाजूला ठेवलं तरी, संध्याकाळचा दीड तास धावून आलेली मुलगी रात्री नीट झोपते आणि पहाटे उठून अभ्यासाला बसते, हे मी डोळ्यांनी बघते. तिचं मैदान बंद झालं तर तो दीड तास पुस्तकाकडे जाईल याची खात्री कोण देणार? माझ्या मते तो मोबाइलकडे जाईल.

रंगाबद्दल मी जास्त बोलणार नाही. साताऱ्याच्या मोही गावची ललिता बाबर खो-खोनेच सुरुवात करून पुढे धावायला लागली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय महिला. तिच्या रंगाची चौकशी कुणी केली? जे घर मुलीचा रंग बघून तिला पसंत करणार असेल, त्या घरी ती दिली नाही तरी चालेल.

खाण्याचा प्रश्न मात्र आपल्या मुलींसाठी खरा आहे. शिबिराच्या मेसमध्ये कांदा-बटाट्याची भाजी असते आणि जेवण रात्री नऊला मिळतं. एवढ्या कारणावरून आपल्या कितीतरी मुली निवड होऊनही जात नाहीत. यावर उपाय आहे, फक्त तो आपण करायला हवा. दशम्या तीन दिवस टिकतात. लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे-गूळ हे पिशवीत मावतं. प्रशिक्षकांना आधी फोन करून सांगितलं की ते सूर्यास्तापूर्वी ताट वाढायची सोय बघतात. आमच्या पुतणीच्या सरांनी गेल्या खेपेला तसं केलं होतं. त्यांना फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी तो प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला. या खेळाला महागडं साहित्य लागत नाही. एक मैदान, दोन खांब आणि वेळ लागतो. मुलींना वेळच मिळत नाही. मुलगा खेळून उशिरा आला तर दमला असेल म्हणतात. मुलगी आली तर उशीर का झाला म्हणतात.

मी ताईंना एक गोष्ट कबूल केली आहे. जूनपासून तिला मैदानावर सोडायचं आणि आणायचं काम माझं, स्पर्धेचा डबाही माझा. पहिल्या चाचणीत गुण घसरले तर पुन्हा बसून बोलू. ताई अजून हो म्हणालेल्या नाहीत. पुतणी मला स्वयंपाकघरात गाठून रोज विचारते, “काकू, आई काही बोलली का?”

मॅच बघायला, कोर्स लावायला, साडीचं कौतुक करायला माझी काही हरकत नाही. पण दुसऱ्याच्या मुलीला टाळ्या आणि आपल्या मुलीला बंदी, हे मला बघवत नाही. तुमच्या घरात अशी एखादी नववीतली असेल तर जून उजाडायच्या आत तिच्या बाजूने एकदा बोला. आमच्याकडचा निर्णय झाला की सांगेनच.