वाढत्या अंगाचे कपडे

मराठीत ‘वाढतं अंग’ असा एक छान शब्दप्रयोग आहे. लहानपणी आमचे कपडे घ्यायला दुकानात गेलं की आई हमखास म्हणायची, “वाढत्या अंगाचं दाखवा हो.” दुकानदारही सवयीनं एक माप मोठं काढायचा. मग पहिलं वर्षभर बाह्या दुमडायच्या, दुसऱ्या वर्षी शर्ट अंगाला नीट बसायचा आणि तिसऱ्या वर्षी मनगटं बाहेर! मुलींच्या फ्रॉकला शिंपी आतून चार बोटं कापड दुमडून ठेवायचा. मुलगी वाढली की टीप उसवून ते खाली सोडायचं. उसवलेल्या जागी जुन्या दुमडीची एक रेघ राहायची, धुवूनही न जाणारी. कुठल्या फ्रॉकनं किती पावसाळे काढले ते त्या रेघांवरून कळायचं.

लंडनच्या रायन यासीन या तरुणानं मुलाबरोबर वाढत जाणारे, बारीक चुण्यांचे कपडे तयार केले आणि २०१७ साली त्याला ब्रिटनमधलं जेम्स डायसन पारितोषिक मिळालं. हा गडी विमानविद्या शिकलेला. बातमी वाचली तेव्हा आमच्या शिंप्याची आठवण झाली. त्या बिचाऱ्याला कुणी पारितोषिक दिलं नाही.

मुळात अडचण निसर्गानंच करून ठेवली आहे. जन्मलेलं मूल साधारण पन्नास सेंटिमीटर लांबीचं असतं आणि पहिल्याच वर्षात ते आणखी पंचवीस सेंटिमीटर वाढतं. वजन पाचेक महिन्यांत दुप्पट, वर्षभरात तिप्पट. त्यामुळे आपले कपडे झिजतात, विटतात आणि मग जातात; लहान मुलांचे मात्र नवेकोरे असतानाच आखूड होतात. मग त्यांचं करायचं काय?

आमच्या पिढीपर्यंत हा प्रश्न कुणाला पडत नसे, कारण वाट ठरलेली होती. थोरल्याचं धाकट्याला, धाकट्याचं चुलतभावाला, तिथून आतेबहिणीच्या मुलाला. झबली, टोपडी, दुपटी यांची तर एक वेगळी पेटीच असायची आणि ज्या घरी पाळणा हलणार असेल त्या घरी ती पेटी जायची. बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावायचंच नाही, असा आजीचा दंडक. नव्या कापडाला खळ असते, ते टोचतं. दहा वेळा धुवून मऊ झालेलं जुनं धोतर, जुनं लुगडं, नाहीतर दुसऱ्या बाळाचं वापरलेलं झबलं, हेच बाळाचं पहिलं वस्त्र. ज्या घरात मुलं जगत नसत तिथं पाच घरची जुनी कापडं मागून आणून बाळाला घालायची आणि नाव भिकाजी नाहीतर धोंडू ठेवायचं, असंही आजी सांगे. म्हणजे मागण्यात कमीपणा तर नव्हताच, उलट त्यात बाळाचं रक्षण होतं.

या वाटेनं फिरून फिरून जे अगदीच लक्तर व्हायचं ते गोधडीत जायचं. उरलंसुरलं बोहारणीला. डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन बोहारीण आली की दुपारची झोपलेली आळी जागी व्हायची. चार साड्या आणि दोन पँटींना एक स्टीलचं पातेलं. ती साडी उजेडात धरून भोकं शोधायची, आई पातेल्याला टिचकी मारून जाडी बघायची. तासभर घासाघीस चाले. ऑनलाइन खरेदीविक्रीत आज जे काही चालतं ते सगळं त्या ओसरीवर होऊन गेलेलं आहे, फक्त तिथं माणूस समोर बसलेला असायचा.

आता ही ओसरी फोनमध्ये आली आहे. ओएलएक्स २००६ साली निघालं आणि ‘बेच दे’ हे दोन शब्द जाहिरातींतून घराघरात गेले. लिथुआनियात मिल्दा मितकुते या तरुणीला घर बदलताना कपडे फार झाले म्हणून २००८ साली व्हिंटेड सुरू झालं, ते आज युरोपभर पसरलं आहे. आपल्याकडे पुण्यातून २०१० साली फर्स्टक्राय आलं आणि लहान मुलांचे कपडे घरबसल्या मागवायची सवय लागली. जे इतक्या सहज येतं त्याचा ढीगही तितक्याच लवकर होतो, आणि तो ढीग मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाहीतर एखाद्या ॲपवर चढतो.

माझी भाची पुण्याला असते. तिला दोन लहान मुली. या व्यवहारात ती तरबेज आहे. फ्रॉक धुवून, इस्त्री करून, पांढऱ्या चादरीवर पसरून खिडकीजवळ फोटो काढायचा. खाली लिहायचं, ‘एक ते दोन वर्षे, सुती, फक्त दोनदा घातलेला, नव्यासारखा.’ पाच मिनिटांत कुणीतरी विचारतं, ‘लास्ट किती?’ मी हे सगळं तिच्या शेजारी बसून पाहिलं आहे. त्यात मला एक गंमत दिसली. पेटीतल्या झबल्याची आजी ओळख करून द्यायची ती अशी : “हे तुझ्या बाबांनी घातलं, मग काकानं, मग आत्याच्या तिघांनी.” जितकी जास्त मुलं, तितका त्या झबल्याचा मान मोठा. ॲपवर नेमकं उलटं. ‘फक्त दोनदा’ म्हटलं तर दोनशे रुपये, ‘एकदाही नाही’ म्हटलं तर तीनशे. घरात कापड जुनं होऊन मोठं व्हायचं, इथं ते वापरल्याची खूण पुसल्याशिवाय खपत नाही.

ही भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. आमच्या भावोजींचं घर बुऱ्हाणपूरजवळच्या जसोंडीचं. नोकरीनिमित्त ते काही वर्षं वास्कोला होते, तेव्हा हे स्थळ जुळलं. आता ते दोघं गावीच राहतात. इथून गोवा एक्स्प्रेसनं भुसावळला उतरायचं आणि मग पुढची गाडी पकडायची. बुऱ्हाणपूर नकाशात मध्य प्रदेशात असलं, तरी घराघरात मराठी बोलणारी माणसं भेटतात. तापीकाठचा मुलूख, केळीच्या बागा आणि शहरात यंत्रमागांची खडखड. सतराव्या शतकात टॅव्हर्निये नावाचा फ्रेंच प्रवासी या शहरातून गेला. इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जातं असं त्यानं लिहून ठेवलं आहे. ताईच्या सासूबाई याच शहरात वाढल्या. त्यांचे वडील ताप्ती मिलमध्ये कामाला. कापड विकलं जातं, घेतलं जातं, त्याला भाव असतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

मागच्या हिवाळ्यात ताईच्या धाकट्या सुनेचं डोहाळजेवण होतं म्हणून मी जसोंडीला गेलो होतो. जेवणं झाल्यावर बायका ओसरीवर बाळंतविड्याची यादी करत बसल्या. तेव्हा आजींनी, म्हणजे ताईच्या सासूबाईंनी, भाचीला फोन लावायला सांगितला. “कुंची तुझ्याकडे राहिलीय ना? ती पाठवून दे.”

ही कुंची आजींनी स्वतःच्या शालूच्या पदरातून शिवली होती. अंजिरी रंग, काठाला जर, आत मलमलचं अस्तर. घरातली सहा बाळं ती घालून बारशाला पाळण्यात निजली होती. शेवटची माझ्या भाचीची धाकटी.

फोन स्पीकरवर होता. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग भाची म्हणाली, “आजी, ती गेली गं. मी लहानपणीच्या कपड्यांचा एक लॉट काढला होता, त्यात गेली. चौदा नग. मला वाटलं आता कुणाला लागणार...”

ओसरी गप्प झाली. ताईचा चेहरा उतरला. भाची घाईघाईनं बोलत होती : घेणाऱ्या बाईचा नंबर आहे, मी मागून घेते, दुप्पट पैसे देते. आणि खरोखरच तासाभरात तिनं त्या बाईशी बोलून पुन्हा फोन केला. ती बाई भली होती. म्हणाली, “तुमच्या घरातली आठवण असेल तर न्या. फक्त आमच्या बाळाचं बारसं त्याच कुंचीत झालंय, एवढं सांगते.” सोबत तिनं फोटोही पाठवला होता. तो सगळ्यांनी पाहिला. अंजिरी कुंचीतलं एक परकं, गोबरं, रडवेलं बाळ!

आजींनी फोन लांब धरून, डोळे बारीक करून फोटो पाहिला. मग म्हणाल्या, “राहू दे. बाळाच्या अंगावरची कुंची काढून आणतात का कुठं?” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “पैसे किती आले?”

“सगळ्या लॉटचे नऊशे.”

सरकारी कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर बोटं आपोआप चालतात. नऊशे भागिले चौदा, चौसष्ट रुपये आणि वर काही पैसे. मी तो आकडा बोलून दाखवला. आजी म्हणाल्या, “अस्तराचं कापड तरी येईल तेवढ्यात.” आणि उठून ट्रंकेतली दुसरी साडी बघायला गेल्या.

तिथं हसू पिकलं खरं, पण रात्री ताई म्हणाली की त्या जेवल्या नाहीत.

भाचीला दोष द्यावा, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तिनं फ्रॉक स्वतःच्या पगारातून घेतले, ते विकले. घर दोन खोल्यांचं, पेट्या ठेवायच्या कुठे? आणि ‘पूर्वी सगळे एकमेकांना द्यायचे’ याचं कौतुक मला जरा बेतानंच करावंसं वाटतं, कारण मी घेणाऱ्या बाजूचा होतो. माझे शाळेतले बहुतेक शर्ट मामेभावाचे. तो माझ्याच शाळेत, दोन वर्ग पुढे. मधल्या सुट्टीत पोरांसमोर तो म्हणायचा, “अरे, हा माझा शर्ट!” त्यात दुष्टपणा नव्हता, शर्ट त्याचाच होता. पण त्या वयात ते वाक्य किती लागायचं, ते ज्यानं घातलंय त्यालाच ठाऊक. ॲपवरून दोनशे रुपये मोजून फ्रॉक घेणाऱ्या आईला असलं काही ऐकावं लागत नाही. पैसे दिले, व्यवहार संपला, मान ताठ. पैशानं नातं तुटतं असं आपण म्हणतो, पण कधी कधी पैशानं ओझंही उतरतं.

आम्हा गोवेकरांना तर वापरलेल्या वस्तू विकण्याचं नवल नसावं. अंजुण्याचा बुधवारचा बाजार सत्तरच्या दशकात सुरू झाला तो हिप्पींनी आपले कपडे, कॅमेरे, टेपरेकॉर्डर विकून परतीच्या तिकिटाचे पैसे उभे करावेत म्हणून. विकणारा आपल्या देशी गेला, वस्तू इथं कुणाच्या तरी घरी नांदल्या.

तरीही आजींचं ते न जेवणं माझ्या मनातून जात नाही. खूप विचार केल्यावर मला वाटतं, चौदा नगांपैकी तेरा नग बाजारातून आले होते आणि एक नग बाजारातून आलाच नव्हता. फोटोत सगळे सारखेच दिसतात. पांढऱ्या चादरीवर पसरल्यावर फ्रॉकचं माप कळतं, रंग कळतो, पण तो कुठल्या वाटेनं घरात आला ते कळत नाही. जे विकत आलं ते विकत जायला काहीच हरकत नाही. जे दिलेलं आलं ते मुळात आपलं नसतंच, आपलं मूल त्यातून मोठं होऊन बाहेर पडलं इतकंच. पुढच्या मुलासाठी ते आपल्याकडे ठेवायला दिलेलं असतं. ठेव कुणी विकत नाही.

आमची मुलगी आता दहावीला आहे. मध्यंतरी बायकोनं कपाट आवरायला काढलं तेव्हा हा हिशेब आम्ही वापरून पाहिला. विकत घेतलेलं एकीकडे, कुणाकडून आलेलं दुसरीकडे. पहिल्या ढिगाचे फोटो मुलीनंच काढले आणि चार दिवसांत तो गेलाही. दुसऱ्या ढिगातल्या कपड्यांना बायकोनं चिठ्ठ्या लावल्या : हे आत्याकडचं, हे शेजारच्या फर्नांडिसबाईंनी दिलेलं, हे चुलत्यांच्या मुलीचं. ते सगळं ज्या त्या घराकडे नाहीतर त्यांच्या नातवंडांकडे जाईल.

शाळेचे दोन गणवेश तेवढे कुठल्याच ढिगात बसेनात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी त्याच शाळेत आहे. बायकोनं ते त्यांना देऊ केले. त्यांनी गणवेश उलटे करून शिवणी पाहिल्या, कंबरेत आत किती कापड आहे ते चाचपलं आणि पदराच्या गाठीतून पन्नासाची नोट काढून टेबलावर ठेवली. “फुकट नको, वहिनी. पोर उद्या शाळेत सांगेल, आईनं घेतला म्हणून.” बायको नको नको म्हणत होती. मी तिला खुणेनं गप्प केलं आणि नोट ठेवून घेतली.